'युविका' शिबिर आणि आपल्या वसतिगृहाचे पंधरा गुण



मागे एका अंकात दोन ओळींत कळवले होते, की करमाळ्याच्या आपल्या वसतिगृहातील पारधी समाजाच्या एका मुलाने इस्रोच्या विद्यार्थी शिबिरासाठी अर्ज भरला आहे. त्यानंतर पुष्कळांनी चौकशी केली. एका मंडळीने तर रविवारच्या उपासनेत त्याच्यासाठी प्रार्थनाही केली. तुम्हाला उत्तर देणे लागतो. त्याची निवड झाली नाही. यादी लागली त्या संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझं नेमकं काय कमी पडलं?" मी म्हणालो, बघून सांगतो. मग कागद घेऊन हिशेब केला, तेव्हा कमी पडण्यात आपलाही हात असल्याचे दिसले. तो हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

'युविका' म्हणजे 'युवा विज्ञानी कार्यक्रम'. इस्रोने तो २०१९ साली सुरू केला. नववीत शिकणाऱ्या मुलामुलींना उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात ठेवून अवकाशविज्ञान शिकवले जाते. प्रवास, राहणे आणि जेवण यांचा खर्च इस्रो करते, पालकांना पैसे भरावे लागत नाहीत. पहिल्या वर्षी १११ मुले होती. नंतरची दोन वर्षे कोरोनात गेली. २०२२ मध्ये १५३, २०२३ मध्ये ३३७ आणि २०२४ मध्ये ३५१ मुले गेली. तिरुवनंतपुरम, बेंगळुरू, अहमदाबाद, हैदराबाद, श्रीहरिकोटा, डेहराडून आणि शिलाँग अशा सात केंद्रांत ती विभागली जातात. शास्त्रज्ञांची व्याख्याने, यंत्रमानवाच्या स्पर्धा, रॉकेट आणि उपग्रहाच्या प्रतिकृती स्वतःच्या हातांनी जोडणे, प्रयोगशाळा पाहणे आणि रात्री आकाशदर्शन, असा दिवस भरलेला असतो.

निवड कशी होते, ते नीट समजून घ्या, कारण खरी गोम तिथे आहे. एकूण १०० गुण धरा. आठवीच्या वार्षिक परीक्षेच्या टक्केवारीला ५०. नोंदणीनंतर द्यायच्या ऑनलाइन प्रश्नमंजुषेला १०. मागील तीन वर्षांत सरकारी विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला असेल तर शाळा पातळीला २, जिल्ह्याला ५, राज्य किंवा त्यावरील पातळीला १०. ऑलिम्पियाडसारख्या स्पर्धेतील क्रमांकाला जास्तीत जास्त ५, खेळातील क्रमांकालाही ५. स्काउट-गाइड, एनसीसी किंवा एनएसएस यांचा सदस्य असेल तर ५. आणि पंचायत क्षेत्रातील, म्हणजे खेड्यातील शाळेत शिकत असेल तर १५.

जातीच्या दाखल्याला यात गुण नाहीत. ज्याने हे कोष्टक बनवले त्याने गरीब मुलाला शोधण्यासाठी गावची शाळा ही खूण धरली असावी. खूण वाईट नाही. गावातले मूल शहरातल्या शिकवणीला जाऊ शकत नाही, हे तिला कळते. पण आपले वसतिगृह करमाळा शहरात आहे, आणि करमाळ्याला नगरपरिषद आहे. आपल्या मुलाला आठवीत ६४ टक्के होते, म्हणजे ३२ गुण. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचे २. प्रश्नमंजुषेत सगळे बरोबर आले तरी १०. बेरीज ४४. हाच मुलगा सातवीपर्यंत वस्तीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. गावाच्या हायस्कूलमध्येच आठवी-नववी केली असती, तर तेवढ्याच टक्क्यांवर ५९ झाले असते. तेवढ्यावर नाव लागलेच असते असे मी म्हणत नाही. पण ते पंधरा गुण त्याला वसतिगृहात आणून आपण, खरे तर मीच, घालवले.

हे त्याच्या वडिलांना सांगितले. वाटले, रागावतील. ते हसले. म्हणाले, "सर, गावात राहिला असता तर आठवीला चौसष्ट कुठनं पडले असते? कोपीत बसून?" त्यांचेही खरे आहे. ही गाठ मला अजून सुटलेली नाही.

कोपी म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजूर बांबू-ताडपत्रीची जी तात्पुरती खोपटी उभारतात, ती कोपी. आपल्या वस्त्यांवरची काही कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर जातात आणि हंगाम संपून पट्टा पडला की परततात. आता शिबिराच्या तारखा पाहा. २०२४ मध्ये नोंदणी २० फेब्रुवारी ते २० मार्च होती, २०२५ मध्ये २४ फेब्रुवारी ते २३ मार्च. म्हणजे ज्या महिन्यात अर्ज भरायचा, त्याच महिन्यात आपली काही मुले फडात मोळ्या बांधत असतात. दिल्ली-बेंगळुरूत बसून तारखा ठरवणाऱ्याला हे कसे दिसणार? मागच्या वर्षी नववीतील दोन मुले अशी गेलेली होती. मी फोन आणि पॉवर बँक घेऊन बारामतीच्या बाजूला दोन तळ फिरलो. एकाचा अर्ज कोपीत, बैलांच्या शेजारी बसून भरला. दुसऱ्याची टोळी आदल्या दिवशीच तळ हलवून गेली होती.

आता ज्यांची निवड झाली, त्यांच्याविषयी. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वसतिगृहात एक मुलगी येऊन गेली. काही वर्षांपूर्वी ती या शिबिराला गेली होती, आता अभियांत्रिकीला आहे. नाव छापू नका म्हणाली. मुलांना वाटले होते ती रॉकेटविषयी बोलेल. ती बराच वेळ पहिल्या रात्रीविषयी बोलली. खोलीत वेगवेगळ्या राज्यांतल्या मुली, कुणाची भाषा कुणाला येत नाही, आणि हिला इंग्रजी बोलायची एवढी धास्ती की दोन दिवस ती फक्त मान हलवत राहिली. तिसऱ्या दिवशी रॉकेटची प्रतिकृती जोडताना हिच्या गटाचा पंख सारखा निघत होता. हिने घरी वडिलांना सायकलची दुकानदारी करताना पाहिलेले. तिने तो नीट बसवला, आणि मग सगळ्या तिला विचारू लागल्या. आपल्या एका मुलाने विचारले, "ताई, तुम्ही आता इस्रोत लागणार का?" ती म्हणाली, "माहीत नाही. परीक्षा द्यावी लागते, शिबिराला गेले म्हणून कुणी घेत नाही." हे तिने स्पष्ट सांगितले ते बरे झाले. शिबिर म्हणजे नोकरीचे वचन नव्हे. तिरुवनंतपुरमच्या इस्रोच्या अवकाशविज्ञान संस्थेत पदवीला प्रवेश हवा असेल तर जेईई ॲडव्हान्स्डची परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते.

तिने मुलांना 'आझादीसॅट'ची गोष्ट सांगितली. तीही तुम्हाला सांगण्यासारखी आहे. देशातल्या ७५ सरकारी शाळांतील ७५० मुलींनी चेन्नईच्या 'स्पेस किड्झ इंडिया' संस्थेच्या मार्गदर्शनाखाली आठ किलोचा एक उपग्रह तयार केला. प्रत्येक शाळेचे त्यात एक छोटे उपकरण. ७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या नव्या छोट्या प्रक्षेपकातून, एसएसएलव्हीतून, तो श्रीहरिकोट्याहून उडाला. त्यांतल्या कितीतरी मुली तिथे बसून पाहत होत्या. उड्डाण सुरेख झाले, टाळ्या झाल्या, आणि थोड्या वेळाने कळले की उपग्रह हरवला. दुसरा टप्पा सुटताना जो हादरा बसला, त्यामुळे यानाच्या संगणकाला वाटले की वेगातला बदल मोजणारी यंत्रे बिघडली आहेत. पुढच्या गणितात वेग थोडा कमी पडला. ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाऐवजी एका बाजूला ३५६ आणि दुसऱ्या बाजूला ७६ किलोमीटर अशी लांबट कक्षा झाली. ७६ किलोमीटरवर हवा असते. तिथे घासून उपग्रह टिकत नाही. सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ ला, 'आझादीसॅट-२' त्याच जातीच्या प्रक्षेपकातून ४५० किलोमीटरच्या कक्षेत नीट पोहोचला. यादीत नाव न लागलेला आपला मुलगा ही गोष्ट ऐकताना पहिल्या रांगेत होता. त्याने फक्त एवढेच विचारले, "मुलींना परत बनवायला दिला?"

तिरुवनंतपुरमच्या केंद्राला जाणाऱ्या मुलांना थुंबा पाहायला मिळते. तिथे एक चर्च आहे, आणि आपल्या वाचकांना ते माहीत असायला हवे. पृथ्वीची चुंबकीय विषुवरेषा थुंब्याजवळून जाते. वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करायला ती जागा उत्तम. विक्रम साराभाईंसाठी जागांची पाहणी करणाऱ्यांत आपले कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस होते. पण जागा कोळ्यांच्या वस्तीची, आणि मधोमध संत मेरी माग्दालेनाचे चर्च. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. डॉ. अब्दुल कलाम यांनी लिहिले आहे, की बिशपांनी त्यांना रविवारी यायला सांगितले आणि मिस्साच्या वेळी सगळा विषय मंडळीपुढे ठेवला. मंडळीने होकार दिला. लोक दुसरीकडे वसवले गेले. चर्चमध्ये रॉकेट केंद्राचे पहिले कार्यालय थाटले, प्रार्थनेची खोली कलामांची प्रयोगशाळा झाली, बिशपांच्या खोलीत आराखडे काढले जाऊ लागले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिले रॉकेट उडाले, अमेरिकेचे 'नाइकी-अपाची'. आज त्या चर्चमध्ये अवकाश संग्रहालय आहे. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी बिशपांचे कौतुक करतो. मला त्या कोळी कुटुंबांची जास्त आठवण येते. उजनीच्या पाण्याखाली गाव गेलेली माणसे आपल्या तालुक्यात आहेत. घर सोडणे म्हणजे काय, ते त्यांना विचारा.

उजनीवरून आठवले. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचा 'भुवन' नावाचा नकाशा इंटरनेटवर फुकट पाहता येतो. तुम्ही पाठवलेल्या देणगीतून घेतलेल्या संगणकावर मुले त्यात उजनीचा जलाशय शोधतात. भीमेचे पाणी कुठवर पसरले आहे, आपली वस्ती कुठे आहे, जेऊरचे स्टेशन कुठे आहे. धरणाची क्षमता ११७ टीएमसी, त्यांतले सुमारे ६३ मृतसाठा, हे आकडे त्यांना पाठ आहेत, कारण दर उन्हाळ्यात मोठी माणसे पारावर तेच बोलत असतात. उपग्रह म्हणजे काय, हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा त्यांना तिथे लवकर कळले.

या वर्षी आम्ही दोन-तीन गोष्टी बदलल्या. विज्ञान प्रदर्शनाची तयारी नववीत न करता सातवीपासून सुरू केली, कारण मागची तीन वर्षे मोजली जातात. स्काउट-गाइडचे पथक असलेल्या शाळेशी बोलणे चालू आहे. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आयुकाच्या मदतीने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतली सहावी-सातवीची मुले इस्रो आणि नासा पाहण्यासाठी निवडली. तसे काही सोलापूर जिल्ह्यात व्हावे म्हणून निवेदन देण्याचा विचार आहे. ज्या वाचकांचे नातेवाईक खेड्यातल्या शाळेत शिक्षक असतील, त्यांनी आठवीच्या वर्गात हे गुणांचे कोष्टक भिंतीवर लावावे. नववीत सांगून निम्मे गुण हातातून गेलेले असतात.

आणि एक बातमी. दोन वर्षांपूर्वी एका वस्तीवरची मुलगी वसतिगृहात आणायची म्हणून मी तिच्या आजीकडे तीन खेपा घातल्या. आजीने नाही म्हणजे नाही म्हटले, पोरगी माझ्याजवळ राहील. मी बराच चिडलो होतो. आईवडील हंगामाला जातात, आजी आणि नात मागे राहतात, आणि नात रोज चालत गावच्या हायस्कूलला जाते. आज ती नववीत आहे. आठवीला तिला ७१ टक्के पडले. पंधरा गुण तिचे आहेत. मागच्या आठवड्यात आजीला हे समजावून सांगितले, तर ती म्हणाली, "मंग मी बरोबरच बोलले व्हते की." मुख्याध्यापकांच्या सहीचा कागद तयार आहे. नोंदणीला ईमेल लागतो, तो उघडून दिला. आजीचा फोन बटणांचा आहे, म्हणून नोंदणी उघडली की वसतिगृहाचा संगणक घेऊन मीच वस्तीवर जाणार आहे. सोबत यायचे म्हणून आपला तो मुलगाही मागे लागला आहे. प्रश्नमंजुषा कशी येते ते त्याने एकदा पाहिले आहे, तो तिला शिकवणार म्हणतो.