कंटाळलेल्या मुलाचा प्रवास

‘हें शिकून उपयोग काय?’ हा प्रश्न ज्याच्या मनांत कधींच आला नाहीं, असा विद्यार्थी विरळाच. त्याचें उत्तर उपदेशानें न देतां गमतीदार गोष्टीनें देणाऱ्या एका इंग्रजी पुस्तकाचा परिचय आम्ही येथें करून देत आहों. नॉर्टन जस्टर यांची ‘द फँटम टोलबूथ’ ही अद्भुत कादंबरी १९६१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. जस्टर हे व्यवसायानें स्थापत्यविशारद. मुलांकरितां शहरांविषयीं पुस्तक लिहिण्यास त्यांना अनुदान मिळालें होतें. तें काम बाजूस राहिलें आणि ही कथा जन्मास आली. तींतील मार्मिक चित्रें जूल्स फायफर यांचीं आहेत.

कथानायक मायलो यास कशांतच गोडी वाटत नाहीं. एके दिवशीं त्याच्या खोलींत टोलनाक्याची एक खेळण्यांतली चौकी येते. आपल्या छोट्या मोटारींतून तो नाका ओलांडतो आणि निराळ्याच जगांत शिरतो. आळसाच्या प्रदेशांत अडकलेली त्याची मोटार, तो विचार करूं लागतांच चालूं लागते! अंगांत घड्याळ असलेला टॉक नांवाचा कुत्रा त्याचा सोबती होतो. पुढें एका नगरांत शब्दांचा बाजार भरतो, तर दुसऱ्या नगरांत खाणींतून अंक काढतात. शब्द श्रेष्ठ कीं अंक, यावरून दोन राजबंधूंत वैर पडलें आहे. दोहोंस समान ठरविणाऱ्या राइम आणि रीझन, म्हणजे यमक आणि विवेक, या राजकन्या हद्दपार झाल्या आहेत. त्यांस सोडवून आणणें हेंच मायलोचें कार्य.

पुरावा न पाहतां मत बनविण्यास इंग्रजींत ‘निष्कर्षावर उडी मारणें’ म्हणतात. या कथेंत निष्कर्ष हें खरोखरीचें बेट आहे. उतावळेपणानें बोलणारा उडून थेट तेथें पडतो. परतण्यास मात्र ज्ञानसागर पोहावा लागतो. दिवसभर पोहूनही कित्येक कोरडेच बाहेर येतात! केवळ परीक्षेपुरतें पाठ करणाऱ्यांनीं या कोरडेपणाचा अर्थ मनाशीं शोधावा.

अभ्यास टाकून गोष्टी कशाला, असें कांहीं पालक विचारतील. प्रवास संपल्यावर चौकी नाहींशी होते. परंतु तोंवर आपल्याच खोलींतील पुस्तकें व वस्तू मायलोस नव्या वाटूं लागतात. अभ्यासाची गोडी ती हीच. कोट्या इंग्रजी असल्यामुळें वरच्या वर्गांतील मुलांनीं शब्दकोश जवळ ठेवून हें पुस्तक सावकाश वाचावें. लहानांस वडील मंडळींनीं कथा मराठींत समजावून सांगावी. विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत हा नाका अवश्य ओलांडा!