घर गोंदियात, मालक पुण्यात : लांबून घर बांधताना कोणता निर्णय कधी घ्यायचा?

नोकरी पुण्यात किंवा हैदराबादला, आणि घर बांधायचंय गोंदिया जिल्ह्यातल्या गावी. मग फोनवर चर्चा कशाची होते? टाइल्सचा रंग, किचनचा ओटा, गेटचं डिझाइन. पण हे सगळं नंतरही बदलता येतं. पाया आणि स्लॅबमधली सळई एकदा झाकली गेली, की पुन्हा दिसत नाही. खरे निर्णय तिथले असतात.

लांबून घरं बांधून घेण्याचा मोठा अनुभव सरकारकडे आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये, म्हणजे घरकुल योजनेत, किमान 25 चौरस मीटरच्या घरासाठी केंद्राने सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ, दुर्गम, नक्षलग्रस्त भागात 1 लाख 30 हजार रुपये ठरवले. पण हे पैसे एकदम मिळत नाहीत. ठरलेल्या टप्प्यांवर बांधकामाचा जिओटॅग फोटो अपलोड होतो आणि हप्ते थेट खात्यात येतात. आधी पुरावा, मग पैसे.

हाच नियम स्वतःच्या घरालाही लावता येतो. ठेकेदाराशी करार करतानाच पाया, जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर असे टप्पे आणि त्यांचे हप्ते लिहून घ्यायचे. फोटो मात्र काँक्रीट टाकण्याआधीचा हवा.

पाया : जागा धानाच्या बांधीतली असेल तर वरची माती पाणी धरते. खड्डा कठीण थरापर्यंत गेला का, ते टेप लावून काढलेल्या फोटोत बघायचं. जोत्याची उंची पावसाळ्यात तिथे किती पाणी साचतं हे विचारून ठरवायची.

स्लॅब : सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का? सळयांमधलं अंतर नकाशाप्रमाणे आहे का? एम-20 काँक्रीटमध्ये 50 किलोच्या सिमेंटच्या पोत्यामागे पाणी 27 लिटरच्या वर जायला नको. पातळ माल पसरवायला सोपा, पण स्लॅब कमजोर करतो.

क्युरिंग : आयएस 456 या भारतीय मानकानुसार साध्या ओपीसी सिमेंटला किमान 7 दिवस ओल हवी. फ्लाय अॅशचं पीपीसी सिमेंट असेल किंवा कोरडा उन्हाळा असेल तर किमान 10 दिवस. गोंदियाच्या मे महिन्यात एक दिवसही चुकवून चालत नाही.

वेळापत्रकही इथलंच धरावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी असली, की मजूर शेतात असतात. स्लॅबची तारीख त्या काळात धरली तर काम अर्ध्यावर अडकू शकतं.

शेवटचा प्रश्न माणसाचा. गावातले काका किंवा भाऊ रोज चक्कर मारतात, पण ठेकेदार "साहेब फोनवर हो म्हणाले" असं सांगून त्यांना गप्प करू शकतो. म्हणून काम थांबवण्याचा अधिकार त्यांना सगळ्यांसमोर द्यायचा. पाया, जोतं आणि स्लॅब तपासायला एखाद्या स्वतंत्र इंजिनिअरला फी देऊन बोलवायचं.

आणि सुट्टी एकदाच मिळणार असेल तर? ती वास्तुपूजेसाठी राखून ठेवण्यापेक्षा स्लॅब पडण्याच्या आदल्या दिवशी गावी पोहोचलेलं बरं. त्या दिवशी चूक सापडली तर ती सळई बांधण्याच्या तारेने दुरुस्त होते. दुसऱ्या दिवसानंतर त्यासाठी स्लॅब फोडावा लागतो.