जाड तव्याची चव

अमेरिकेतल्या डायनरमधला कडेने कुरकुरीत बर्गर, खरपूस हॅश ब्राउन, चीज वितळून बाहेर आलेलं सँडविच हे सगळं घरी करून पाहणाऱ्यांची निराशा बहुधा एकाच जागी होते. साहित्य बरोबर असतं, सॉस बाहेरून आणलेला असतो, आणि तरी ताटात येतं ते फिकट, स्वतःच्याच पाण्यात शिजलेलं काहीतरी. मग पाककृती बदलली जाते, मसाले वाढवले जातात. दोष असतो तो भांड्यात. डायनरची चव घडते जाड, कडक तापलेल्या लोखंडावर, आणि ते लोखंड समजून घेतलं नाही तर कितीही भारी चीज आणून उपयोग होत नाही.

या खाण्याचा इतिहासही तेच सांगतो. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट या गृहस्थाने रात्री काम करणाऱ्यांसाठी घोडागाडीतून खाणं विकायला सुरुवात केली. इतर खाणावळी तोवर बंद झालेल्या असत. त्या गाडीत सँडविच, पाय, कॉफी असं तयार खाणंच मिळे. पुढे अशा गाड्या एका जागी स्थिरावल्या, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर लंच कार कंपनीसारखे कारखाने १९०६ पासून अख्खं डायनर बांधून जागेवर पोहोचवू लागले. वाहून न्यायचं म्हणून त्याची रुंदी रेल्वेच्या डब्याएवढीच. लांब काउंटर, त्यामागे आचारी आणि त्याच्यापुढे सपाट पोलादी तवा. अंडी, बटाटा, बेकन, पॅनकेक, मांसाची टिक्की हेच पदार्थ तिथे का रुजले, याचं उत्तर मला या अरुंद जागेत दिसतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना एका माणसाला एकाच तव्यावर काही मिनिटांत जे उरकता आलं, ते टिकलं. ओक्लाहोमातल्या एल रीनो गावचा कांदा-बर्गर याच तव्यावर जन्मला. मांस महाग आणि कांदा स्वस्त, म्हणून टिक्कीत पातळ चिरलेला कांदा दाबून भाजायला सुरुवात झाली. गरिबीतली ती युक्ती आज त्या गावची ओळख आहे.

तव्यावर नेमकं काय घडतं, ते लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केलेल्या अभिक्रियेतून कळतं. अमिनो आम्लं आणि साखर उष्णतेने एकत्र येतात आणि त्यातून तांबूस रंग व खमंग वास तयार होतो. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर ही क्रिया वेग घेते. पाणी मात्र १०० अंशांवर उकळतं, आणि ते पदार्थाच्या पृष्ठभागावर आहे तोवर तापमान पुढे सरकत नाही. शिवाय शून्यापासून शंभर अंशांपर्यंत पाणी तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त त्याच पाण्याची वाफ करायला लागते. पातळ ॲल्युमिनियमच्या तव्यावर गार खिमा पडला की तव्यातली साठवण क्षणात संपते, पाणी सुटतं आणि खिमा भाजण्याऐवजी उकडतो. बिडाचा तवा ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता कितीतरी संथपणे पसरवतो, हे खरं. पण जाड आणि वजनदार असल्यामुळे तो ती भरपूर साठवून ठेवतो. म्हणूनच तो मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं सावकाश तापवावा लागतो. नॉनस्टिकवर हे जमत नाही, कारण रिकामा कडक तापवला तर त्याचा लेपच खराब होतो. आंबोळ्या-घावनांसाठी आपल्याकडे कितीतरी घरांत बिडाचा तवा असतोच. वेगळं काही विकत घ्यायला नको.

एकदा हे पटलं की बाकीचे नियम त्यातूनच निघतात. हॅश ब्राउनसाठी बटाटे आदल्या दिवशी उकडून गार करावेत, म्हणजे त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि कीस सुटा पडतो. कच्चा बटाटा किसायचा तर फडक्यात घट्ट पिळून घ्यावा. तव्यावर थर पसरला की खालून तांबूस होईपर्यंत उलथनं लावू नये. शीतगृहातल्या थंडीत बटाट्यात साखर वाढते, त्यामुळे असा बटाटा आत शिजण्याआधी बाहेरून काळपट, कडू होतो. रंग लवकर चढतोय असं दिसलं की आच कमी करावी. खिम्यात पाचव्या हिश्शाइतकी चरबी हवी, आणि मीठ आधी मळून ठेवू नये, कारण ते मांसातली प्रथिनं विरघळवतं आणि टिक्की रबरासारखी होते. साठेक ग्रॅमचा गोळा तव्यावर टाकून पहिल्या अर्ध्या मिनिटातच पातळ दाबावा आणि मीठ वरून भुरभुरावं. नंतर दाबलं तर वितळलेली चरबी आणि रस बाहेर पडतात. चीजच्या बाबतीत मात्र उंची चीजचा मोह सोडावा. प्रोसेस्ड चीजमधले क्षार स्निग्धांश आणि प्रथिनं एकत्र धरून ठेवतात, म्हणून ते तेल न सोडता वितळतं. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या चीजच्या चकत्या इथे योग्यच आहेत.

हे खाणं जड आहे, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि ते रोज खाऊ नयेच. पण घरी टिक्कीचा आकार, लोण्याचं प्रमाण आणि मीठ आपल्या हातात असतं. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: डायनरची ओढ ही आठवणींची ओढ असते, आणि रात्रपाळीनंतरची भूक, काउंटरवरची सोबत तव्यावर कशी करणार? ती करता येत नाही. तरीही त्या आठवणीचा एक भाग निव्वळ पदार्थाच्या ताजेपणाचा आहे. डायनरमध्ये तवा आणि गिऱ्हाईक यांच्यात फक्त काउंटरची रुंदी असते. घरी मात्र सगळ्यांचं होईपर्यंत पहिल्या टिक्क्या झाकून ठेवल्या जातात, आणि वाफेने तो कष्टाने आणलेला कुरकुरीतपणा मऊ पडतो. त्यापेक्षा खाणाऱ्यांनी स्वयंपाकघरातच बसावं आणि उतरेल तसं खावं. यात करणारीच शेवटी जेवते ही आपल्या घरांतली जुनी खोड शिरता कामा नये. पातळ टिक्की तीन-चार मिनिटांत होते, तेव्हा उलथनं आळीपाळीने प्रत्येकाच्या हातात जायला काहीच हरकत नाही.