चिऊ गालावर बसते

ग्रिलवर साळुंकी येऊन बसली आहे आणि पोरगी घास गालात तसाच धरून तिच्याकडे बघतेय. मऊभाताचं एक शीत हनुवटीला चिकटलंय. आई घाई करत नाही. वाटी खाली ठेवते, लेकीची नजर साळुंकीवरून आपल्याकडे वळेपर्यंत थांबते आणि वळली की अंगठा आणि तर्जनी ओठांजवळ नेऊन चोचीसारखी उघडते, मिटते. पक्षी. पुन्हा एकदा करते, जरा मोठी, जरा सावकाश. मग तीच चोच लेकीच्या ओठांपाशी नेऊन तिथेही उघडमीट करून दाखवते. पोरगी हात उचलते. दोन बोटं वेगळी काढणं तिला अजून जमत नाही, म्हणून सगळी मूठच उघडते-मिटते, आणि तीही ओठांजवळ न करता गालावर. आई मान डोलावते, हसते, घास पुढे करते.

“बोबडं बोलतेय,” आजी मला सांगतात.

अगदी बोबडंच आहे ते. ज्या घरात खुणांची भाषा बोलली जाते तिथलं प्रत्येक मूल आधी अशीच भाषा बोलतं. खांदा आणि कोपर आधी ताब्यात येतात, मनगट आणि बोटं नंतर. त्यामुळे मोठ्यांची नाजूक खूण मुलाच्या हातात मोठी आणि ढोबळ होते, कधी तिची जागाही सरकते. आई ती चूक धरत नाही. आपली बरोबर खूण पुन्हा करते आणि पुढे जाते.

घर डोंबिवलीतलं, चौथ्या मजल्यावरचं. आजींना सगळी बिल्डिंग आजीच म्हणते. त्यांचा मुलगा जन्मापासून कर्णबधिर, सूनही. नात दीड वर्षाची आणि तिला व्यवस्थित ऐकू येतं. जन्मल्यावर दवाखान्यातच कानात इवलीशी बोंडी घालून ऐकण्याची ओएई तपासणी झाली होती. ती प्रत्येकच बाळाची पहिल्या महिन्यात व्हावी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू व्हावेत, असं या क्षेत्रातली माणसं कळकळीने सांगत असतात. लोकांना वाटतं त्याच्या उलट, बधिर आईबापांची बहुतेक मुलं ऐकणारी असतात, आणि बधिर मुलांपैकी दहातली नऊ तरी ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात. या एकाच घरात दोन्ही गोष्टी नांदताहेत.

आज दुसरा शनिवार, म्हणून सुनेच्या बँकेला सुट्टी आहे. खालून फास्ट लोकल जाते, पोरगी कान टवकारून खिडकीकडे बघते. घास संपल्यावर तिला आजीकडचा लाडू हवाय. आजी ओट्यापाशी पाठमोऱ्या आहेत. ती जोरात हाक मारते, “आदी!” आजी वळतात. लाडूचा तुकडा तोंडात गेला की तिला आणखी हवा असतो, पण आता आजी मोरीत गेल्यात. मग ती आईकडे मोर्चा वळवते. आई फोनवर काहीतरी वाचतेय. इथे ती तोंडातून आवाजही काढत नाही. दुडकत जाते, आईच्या गुडघ्यावर दोनदा थोपटते, आईचा चेहरा वर येईपर्यंत थांबते, आणि मगच बोटं एकत्र करून तोंडाशी नेते. खाऊ.

कोणाशी तोंडाने बोलायचं आणि कोणाचा डोळा आधी धरायचा, हे या पोरीला कळलंय. तिला हे कुणी समजावून सांगितलेलं नाही. आणि कधीकधी ती दोन्ही एकदम करते, तोंडाने “मम्” आणि हाताने खाऊ. तोंडाने मराठी आणि हिंदी एकाच क्षणी बोलता येत नाहीत, जीभ एकच आहे. इथे मात्र एक भाषा जिभेवर आणि दुसरी हातात, त्यामुळे दोघींना एकमेकींची वाट अडवावी लागत नाही.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची आई तिच्या मुलाला घेऊन वर येते. पोरगा हिच्याच वयाचा. कडेवरून उतरल्या उतरल्या तो फ्रिजच्या दिशेने हात करून “अं अं” सुरू करतो. दूध? नाही. पाणी? नाही. वरचं खेळणं? तेही नाही. रडू वाढत जातं. आईचा चेहरा उतरतो. शेवटी कळतं, त्याला फ्रिजवर चिकटवलेला गणपती हवा होता. हातात घेतल्यावर तो शांतपणे त्याला जय करतो, दोन्ही हात जोडून.

“बघा ना, जय तेवढं येतं,” ती म्हणते. “ताई, मी याला अशा खुणा शिकवू का? व्हिडिओ बघितलेत मी. पण आमच्या सासूबाई म्हणतात, हाताने आयतं मिळालं तर जीभ कशाला हलवेल तो?”

हा प्रश्न तिच्या सासूबाईंचा एकट्यांचा नाही. त्याचं उत्तर मी तिला माझ्या परीने देते, कारण या विषयावर मी बरंच वाचलंय. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात लिंडा ॲक्रेडोलो नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांची मुलगी वर्षाची असताना फूल दिसलं की नाक आक्रसून हुंगल्यासारखं करायची. फुलाचा शब्द तिने स्वतःच तसा बनवला होता. त्यातून ॲक्रेडोलो आणि त्यांच्या सहकारी सुझन गुडविन कामाला लागल्या. 1996 साली त्यांचं पुस्तक आलं आणि अमेरिकेत ऐकणाऱ्या बाळांना खुणा शिकवण्याची लाटच आली. 2000 साली त्यांनी 103 बाळांवरचा अभ्यास छापला. खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही, उलट काही चाचण्यांत ही मुलं थोडी पुढे दिसली. म्हणजे सासूबाईंची भीती फिटली. पण त्या लाटेवर स्वार होऊन जे विकलं गेलं, की खुणा शिकवा आणि मूल हुशार करा, त्यावर माझा विश्वास नाही. 2013 साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठातल्या संशोधकांनी 40 आया आणि बाळं घेऊन नीट तपासलं, तेव्हा खुणा शिकवलेल्या मुलांचं बोलणं इतरांपेक्षा लवकर आलं नाही. फरक पडला तो आयांमध्ये. खुणा वापरणाऱ्या आया बाळाच्या बारीकसारीक हालचालींना जास्त दाद द्यायला लागल्या.

मला विचाराल तर फायदा तोच, आणि तो लहान नाही. दीड वर्षाच्या जिवाला सगळं कळत असतं आणि सांगता काहीच येत नसतं. अशा वेळी कुणीतरी त्याच्या हाताकडे बघतंय हे त्याला समजलं, तर निम्मी रडारड तिथेच थांबते.

आणि आपल्या घरांत हे नवं कुठे आहे? टाटा, जय, हाताची उशी करून गाई गाई, पंजे हलवून “संपलं”, भूर जायचं म्हणून दाराकडे बोट. मराठी घरातलं बाळ शब्दांच्या आधी हेच शिकतं. मी तिला एवढंच सांगते की याच गोष्टी मनापासून आणि रोज कर, शब्द तोंडाने म्हणत कर.

पण दहा-वीस सुट्या खुणा आणि या घरात चाललंय ते, यांत फार अंतर आहे, हेही मला तिला सांगावंसं वाटतं. इथे भाषा आहे. सूनबाई लेकीला काहीतरी विचारते तेव्हा तिच्या भुवया वर जातात, नाही म्हणते तेव्हा मान हलते, आणि ते व्याकरणच असतं. स्त्री म्हणायचं तर बोट नाकपुडीशी, चमकी असते तिथे. पुरुष म्हणायचं तर मिशीवर. पोरीने आई आणि बाबा याच वाटेने उचललेत. बोलण्याच्या आधी बाळं जशी “बाबाबा, दादादा” करतात, तशी अशा घरातली बाळं हातांनी करतात. मॉन्ट्रियलच्या लॉरा-ॲन पेटिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली, बधिर आईबापांच्या ऐकणाऱ्या बाळांच्या हातांना संवेदक लावून ते मोजलं. त्यांच्या हातांत नेहमीच्या चाळ्यांबरोबर आणखी एक संथ लय सापडली, साधारण सेकंदाला एक हेलकावा, छातीसमोरच्या जागेत. तोंडाने बोलणाऱ्या घरांतल्या बाळांच्या हातांत ती नव्हती. पोटच्या पोराशी तुम्ही ज्या भाषेत बोलाल तिची लय त्याच्या अंगात अशी आधी भिनते.

आजी आतापर्यंत गप्प होत्या. मटार सोलताना त्या म्हणतात, “माझ्या वेळी कुणी असं सांगितलं असतं तर.”

त्यांचा मुलगा लहान असताना शाळेतून बजावलं होतं, घरी हात वापरायचे नाहीत, नाहीतर तो बोलणार नाही. आजी त्याच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरून “प” म्हणवून घ्यायच्या, पट्टी हलली की बरोबर. आरशासमोर तासन्‌तास बसायच्या. तो शब्द शिकलाही, मोजके. पण दिवसभरात काय घडलं, कोणी मारलं, पोटात का दुखतंय, हे त्याला सांगता यायचं नाही आणि त्यांना विचारता यायचं नाही. खरी भाषा त्याला मिळाली ती शाळेच्या मैदानावर, बाईंची पाठ वळली की मोठ्या मुलांच्या हातांवरून.

हे एका शाळेपुरतं नव्हतं. 1880 साली मिलानमध्ये भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बधिर मुलांच्या शिक्षणातून खुणा हद्दपार करून तोंडी पद्धतच धरावी असा ठराव केला आणि तो जगभर पोचला. तो ठराव नाकारून खेद व्यक्त करायला त्याच परिषदेची 2010 सालची व्हँकुव्हरची बैठक उजाडावी लागली. ज्याला ऐकू येतं त्या बाळाला खुणा शिकवायला लोक हौसेने पैसे मोजतात आणि ज्याला त्यांची श्वासासारखी गरज आहे त्याचे हात धरून ठेवायचे, हे मला कधीही पटणार नाही. श्रवणयंत्र लावा, कॉक्लियर इम्प्लांट करा, वाचाउपचार घ्या. पण तोवर मुलाला भाषेविना ठेवू नका. पहिल्या दोन-तीन वर्षांत जी भाषा मिळत नाही ती पुढे मिळवणं किती अवघड जातं, ते या ओट्यापाशी बसलेल्या बाईला विचारावं. आजी खुणा आता शिकताहेत, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, सुनेकडून आणि फोनवरच्या ‘साइन लर्न’ या सरकारी ॲपवरून. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन केंद्राच्या कोशातले दहा हजार शब्द त्यात आहेत.

पोरगी खेळता खेळता एकदम थांबते. जिन्यात किल्ल्यांचा आवाज येतोय. ती उठते, आईकडे धावते, गुडघ्यावर थोपटते आणि ओठांवर आडवं बोट ओढते. बाबा. आई दाराकडे बघते. बाहेरून बटण दाबलं जातं आणि भिंतीवरचा बेलचा दिवा लुकलुकतो, पोरीच्या बातमीनंतर.

आई लेकीला जवळ घेते, मग आजींना हातांनी काहीतरी सांगते. आजी ते माझ्यासाठी बोलून दाखवतात. “म्हणते, कौतुक वाटतं. पण हिला माझे कान नाही करायचं. त्यासाठी दिवा लावलाय.” बधिर घरातली कितीतरी ऐकणारी मुलं आठ-दहा वर्षांची होईपर्यंत आईबापांची दुभाषी होतात, बँकेत, दवाखान्यात, डॉक्टर वाईट बातमी देतात तेव्हाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषा आहे, पण खिडकीपलीकडे ती जाणणारा माणूस क्वचितच भेटतो. सुनेला आपल्या लेकीचं बालपण त्यात खर्ची घालायचं नाही, आणि ती हे अगदी ठाम हातांनी सांगते.

बाबा आत येतो तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. पोरगी त्याला काहीबाही सांगायला लागते, आणि त्याला उत्तर द्यायचं तर पिशव्या खाली ठेवाव्या लागतात. तो दारातच ठेवतो, चप्पलही न काढता.

“पाणी कसं करायचं?” तिसऱ्या मजल्यावरची आई विचारते. सूनबाई एक खूण दाखवते. बाबा दुसरीच दाखवतो, त्याच्या शाळेतली. ॲपवरची तिसरी निघते. तिघांचे हात एकदम चालू होतात, आजी हसून म्हणतात, “प्रत्येक गावचं पाणी वेगळं, घे कुठलंही.” तोवर पोरग्याने फिल्टरखालचा पेला अंगावर ओतून घेतलाय. त्याची आई त्या ओल्यातच मांडी घालून बसते, त्याची नजर आपल्याकडे येईपर्यंत थांबते, “पाणी” म्हणते आणि बाबाने दाखवलेली खूण करते. पोरगा तिचा हात नीट निरखतो आणि बांगडी ओढतो.

“करत राहा रोज,” आजी मटारची टोपली उचलत म्हणतात. “हिने पण पहिले दोन महिने नुसतं बघितलंच होतं.”