चौकट : ‘सावधान’ ऐकलं आणि नवरदेव पसार!

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. ठोसरांच्या घरातला नारायण, म्हणजेच पुढचे समर्थ, जन्मला शके १५३० मध्ये, म्हणजे १६०८ साली, तोही रामनवमीच्या दिवशी. त्यामुळे चैत्र शुद्ध नवमीला इथे देवाचा आणि संताचा जन्मोत्सव एकदमच येतो.

गावाची खरी श्रीमंती आख्यायिकांत. अडगळीत दडून बसलेल्या नारायणाने आईला आपण जगाची काळजी करतोय असं सांगितलं, ही एक. दुसरी आसनगावच्या लग्नमांडवातली : अंतरपाट धरलेला, भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि बारा वर्षांचा नवरदेव खरोखरच सावध होऊन पळाला. तो पोहोचला थेट नाशिकजवळच्या टाकळीला. पुढे माघ वद्य नवमीला, १६८२ मध्ये, सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. ती तिथी दासनवमी.

ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी त्यांचा छडा लावला.

जिल्ह्यात श्रद्धेच्या अशा जागा आणखीही आहेत. अंबडची मत्स्योदरी देवी माशाच्या आकाराच्या टेकडीवर बसलेली. जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या मंदिराची यात्रा आषाढी एकादशीला भरते.

संतांच्या नावाने अशा प्रथा आणि गोष्टी दूरदेशीही आहेत. तिकडे आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारीला संत ब्रिजिडच्या नावाने लव्हाळ्याचे क्रॉस विणून दारावर लावतात. १९३७ पासून तिथल्या शाळकरी पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून अशा प्रथा, गोष्टी ऐकून वह्यांत उतरवल्या. त्या वह्या डब्लिनमध्ये जपून ठेवल्या आहेत.