कुत्र्याचा गोचीडताप व घरची शुश्रूषा

घरचा कुत्रा दोन दिवस जेवला नाहीं, कोपऱ्यांत निजून राहिला, तर बहुतेक घरांत तें कोणी फारसें मनावर घेत नाहीं. ऊन बाधलें असेल, कांहीं शिळें खाल्लें असेल, अशी समजूत करून घेतली जाते. आठवडा-दोन आठवड्यांत कुत्रा आपोआप उठतो, थोडें खातो, शेपूट हालवितो, आणि घरच्यांची काळजी मिटते. परंतु असा आपोआप गेलेला ताप पुष्कळदां गेलेला नसतोच. तो शरीरांत दडी मारून बसतो आणि कांहीं महिन्यांनीं, कधीं वर्षा-दोन वर्षांनीं, एके सकाळीं कुत्र्याच्या नाकांतून रक्ताची धार लागते तेव्हां पुन्हां प्रगट होतो. मग धांवाधांव होते, पैसा खर्च होतो, आणि इतकें करूनही कित्येकदां कुत्रा हातचा जातो. पशुवैद्य ह्या रोगाला एर्लिकिओसिस म्हणतात. सातारा-सांगलीकडे गोचीडताप हेंच नांव लोकांच्या तोंडीं आहे. आणि रोगाचें मूळ कोठें आहे हें त्या नांवांतच सांगितलेलें असल्यामुळें तें अधिक चांगलें म्हटलें पाहिजे.

सुशिक्षित कुटुंबांतून हल्लीं दुसऱ्याच एका रोगाची धास्ती आढळते. परदेशी पुस्तकांतून कुत्र्याच्या हृदयांतील कृमीविषयीं पुष्कळ लिहिलेलें असतें. हा कृमि डासाच्या दंशानें कुत्र्याच्या शरीरांत शिरतो, सहा-सात महिन्यांत वाढतो आणि हृदयाचा उजवा भाग व फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या ह्यांत ठाण मांडतो. त्याची मादी वीतभराहून लांब होते. औषधानें हे कृमि मरूं लागले म्हणजे त्यांचे तुकडे फुप्फुसांत अडकतात, म्हणून त्या उपचारांत कुत्र्याला कित्येक आठवडे जवळजवळ जागच्या जागीं ठेवावें लागतें. हिंदुस्थानांत ह्या कृमीचें मुख्य क्षेत्र आसाम, मिझोरम इत्यादि ईशान्येकडील प्रांत होय. (ह्याच जातीच्या कृमींवरील हेट्राझान हें औषध १९४७ सालीं अमेरिकेंत डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव ह्यांच्या देखरेखीखालीं निघालें. तें मनुष्याच्या हत्तीरोगासाठीं होतें. पुढें तिकडील कुत्र्यांना हृदयकृमीचा प्रतिबंध म्हणून तें वर्षानुवर्षें देण्यांत आलें.) साताऱ्याकडे किंवा सांगलीकडे कुत्र्याला ताप आला तर जाणता पशुवैद्य पहिला संशय डासावर न घेतां गोचिडीवर घेतो, आणि कुत्र्याचे कान उलटून व पायांच्या बोटांच्या बेचक्या फांकवून पाहूं लागतो.

ह्या दोन जिल्ह्यांची भूमि एकसारखी नाहीं. महाबळेश्वरास वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर आटपाडी, जत, माण ह्या भागांत त्याचा दहावा हिस्सा पडला तरी लोक समाधान मानतात. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीला हा उष्ण व कोरडा पूर्वभाग विशेष मानवतो. तिकडे मेंढपाळांच्या वाड्यांवर कारवानी जातीचीं उंच, सडपातळ कुत्रीं राखणीला असतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं नांवारूपाला आणलेला मुधोळ हाऊंड तो ह्यांचाच भाऊबंद. २००५ सालीं त्याच्या चित्राचें टपालाचें तिकीटही निघालें. उघड्या माळावर राहणाऱ्या कुत्र्याला गोचीड होणें स्वाभाविक आहे. परंतु शहरांतील फरशीच्या घरांत, गादीवर निजणाऱ्या कुत्र्यालाही ती सोडीत नाहीं. ह्याचें कारण तिच्या जीवनक्रमांत आहे.

ही गोचीड जन्मभर कुत्र्याच्या अंगावर राहत नाहीं. अंड्यांतून निघाल्यावर ती एकदां रक्त पिते व गळून पडते. कात टाकून पुन्हां चढते, पुन्हां गळते. पूर्ण वाढ झाल्यावर तिसऱ्यांदां चढते. रक्तानें टम्म फुगलेली मादी शेवटीं खालीं उतरते, भिंतीच्या भेगेंत, चौकटीच्या सांध्यांत किंवा कौलांच्या आढ्यापर्यंत चढून जाते, आणि तेथें हजारोंनीं अंडीं घालून मरते. अन्नावांचून ती कित्येक महिने वाट पाहूं शकते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर जी दिसते ती थोडी, व घराच्या भेगांतून जी दडलेली असते ती फार. कुत्रा स्वच्छ धुतला आणि घर तसेंच ठेविलें, तर आठ दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार कां होतो, तें ह्यावरून ध्यानांत येईल.

रोगाचा जंतु अतिशय सूक्ष्म असून तो रक्तांतील पांढऱ्या पेशींत शिरून वाढतो. अल्जीरियांतील पाश्चर संस्थेंत दोनातिएं व लेस्तोकार ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १९३५ सालीं तो प्रथम ओळखला. पुढें व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकन सैन्याचीं पुष्कळ कुत्रीं ह्याच रोगानें रक्तस्राव होऊन मेलीं, तेव्हां त्याकडे जगाचें लक्ष वेधलें. आल्सेशियन जातीला हा रोग इतरांपेक्षां अधिक जड जातो, असा अनुभव आहे. गोचिडीपासून होणारा दुसरा एक रोग, ज्यांत जंतु तांबड्या पेशी फोडतो, त्याचा शोध तर आपल्याच देशांत लागला; मद्रास येथील शिकारी कुत्र्यांच्या रक्तांत पॅटन ह्यांनीं १९१० सालीं तो जंतु पाहिला. त्या रोगांत हिरड्या पांढऱ्याफटक पडतात व लघवी गडद, कॉफीच्या रंगाची होते. दोन्ही रोग एकाच कुत्र्याला एकाच वेळीं झालेले आढळतात, आणि दोहोंचीं औषधें वेगळीं आहेत. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याला जें लागू पडलें तें आपल्याही कुत्र्याला द्यावें, हा व्यवहार येथें धोक्याचा आहे.

गोचीड चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांत ताप येतो. निरोगी कुत्र्याची उष्णता सुमारें १०१ ते १०२॥ अंश असते. ती १०४ च्या वर जाते. अन्नावर वासना राहत नाहीं, डोळ्यांतून चिकट पाणी येतें, गळ्याखालच्या गांठी सुजतात. पोटाच्या केस नसलेल्या कातडीवर किंवा हिरड्यांवर टांचणीच्या टोंकाएवढे तांबडे ठिपके दिसले, तर तो दिवस वाया घालवूं नये. रक्त गोठविणाऱ्या ज्या सूक्ष्म बिंबिका असतात त्यांची संख्या घटल्याचें तें चिन्ह होय. निरोगी कुत्र्याच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत त्या साधारण दोन ते पांच लाख असतात; ह्या रोगांत त्या वीस-तीस हजारांवरही येतात. दुसऱ्या अवस्थेंत कुत्रा वरून धडधाकट दिसतो, आणि तिसऱ्या अवस्थेंत हाडांतील मज्जाच निकामी होऊं लागते. पहिल्या दोन अवस्थांत बरें होण्याची आशा बळकट असते. तिसरींत ती फार थोडी उरते, हें स्पष्ट सांगितलेलें बरें.

रोगाचा निर्णय रक्त तपासूनच होतो. तालुक्याच्या ठिकाणीं सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. शिवाय सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, नीरा नदीजवळ शिरवळ येथें १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांचें नांव त्याला दिलेलें आहे; त्यांचें जन्मगांव सांगली जिल्ह्यांतलें आणि त्यांचें प्रतिसरकार साताऱ्याचें, तेव्हां दोन्ही जिल्ह्यांना तें आपलें वाटावें हें योग्यच आहे.

उपचाराचें मुख्य औषध डॉक्सिसायक्लिन. तें कुत्र्याच्या वजनाच्या मानानें पशुवैद्य ठरवून देतो आणि तें सामान्यतः २८ दिवस द्यावयाचें असतें. घरच्यांची खरी कसोटी ह्या २८ दिवसांतच लागते. औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांतच ताप उतरतो; कुत्रा भाकरी मागूं लागतो, दारांत येऊन बसतो. मुलें म्हणतात, बरा झाला. वडील माणसें म्हणतात, आतां एवढें कडक औषध कशाला? पांचव्या-सहाव्या दिवशीं गोळ्यांची पट्टी कपाटांत जाते. जंतु मात्र अद्याप पेशींत जिवंत असतो. आरंभीं वर्णिलेली ती नाकांतली रक्ताची धार पुष्कळ वेळां ह्या अर्ध्यावर टाकलेल्या पट्टीचें फळ असतें. कॅलेंडरावर पहिल्या दिवशींच २८ वा दिवस मांडून ठेवावा आणि गोळी दिल्यावर रोज खूण करावी, एवढा साधा उपाय पुरतो. घरांत गोळी देणारे दोघे असले तर दिली कीं नाहीं हा घोटाळाही त्यानें टळतो.

गोळी उपाशीं पोटीं देऊं नये, ओकारी होते. ती घशाला चिकटली तर अन्ननलिकेला जखम करते. म्हणून उकडलेल्या अंड्यांत किंवा मांसाच्या तुकड्यांत घालून द्यावी व मागून थोडें पाणी पाजावें. दुधांत मात्र देऊं नये. दूधभाकरी हा आपल्याकडील कुत्र्याचा नेहमींचा आहार. पण दुधांतील चुना ह्या औषधाला बांधून ठेवतो आणि त्याचा गुण कमी होतो. दूध द्यावयाचेंच तर गोळीपासून कांहीं तास दूर ठेवून द्यावें. ताप आहे म्हणून घरांतल्या डब्यांतली मनुष्याची तापाची किंवा अंगदुखीची गोळी देणें हें तर सर्वांत घातक. त्यांतील कांहीं गोळ्या कुत्र्याचें यकृत बिघडवितात, कांहीं पोटांत रक्तस्राव घडवितात, आणि ज्याचें रक्त आधींच गोठत नाहीं त्याला एक गोळीही पुरे होते.

आहार हलका असावा. मऊ भात, उकडलेलें कोंबडीचें मांस, अंडें, कुसकरलेली भाकरी हें थोडें थोडें, दिवसांतून चार वेळां, किंचित् कोमट करून द्यावें. कोमट अन्नाचा वास कुत्र्याला लवकर कळतो. परंतु मांस शिजवितांना कुत्र्याचा वांटा मसाल्याआधीं काढून ठेवावा. सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरांत कांदालसूण मसाल्यावांचून पान हालत नाहीं, आणि कांदा व लसूण हे दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. रोगानें रक्त कमी झालेल्या कुत्र्याला आजारपणांत चांगलेंचुंगलें म्हणून रस्सा वाढणें म्हणजे त्याचें उरलेलें रक्त कमी करणें होय. तासगांवचे बेदाणे व द्राक्षें हीही त्या भागांत घरोघर असतात; मुलें प्रेमानें कुत्र्याला भरवितात. त्यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, म्हणून आजारांत काय किंवा एरव्हीं काय, ती वाटी उंच ठेवावी.

बिंबिका कमी असतील तोंपर्यंत कुत्र्याला धांवूं, उडी मारूं किंवा दुसऱ्या कुत्र्याशीं झोंबूं देऊं नये. जिन्याला आडकाठी घालावी, शौचापुरतें सांखळीनें हळू न्यावें, कठीण हाडूक चघळावयास देऊं नये. गळपट्टा ओढून धरण्यापेक्षां छातीवरून जाणारा पट्टा बरा. नाकांतून रक्त आलेंच तर नाकांत कापूस कोंबूं नये; कुत्र्याला काळोख्या, शांत जागीं बसवावें, नाकाच्या दांडीवर थंड पाण्याची घडी ठेवावी आणि माणसांनीं भोंवतीं गोंगाट करूं नये. घाबरलेला कुत्रा शिंकतो आणि शिंकेनें रक्त वाढतें. रक्त थांबलें तरी त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. रोज सकाळीं ओठ वर करून हिरडीचा रंग पाहणें, पोटावरचे ठिपके पाहणें, आणि उष्णता व खाल्लेलें अन्न वहींत टिपणें, हें काम घरांतील मोठ्या मुलाकडे सोंपवावें. तें तो मनापासून करतो, आणि पशुवैद्यालाही तोंडी हकीकतीपेक्षां त्या वहीचा उपयोग अधिक होतो.

अंगावरची गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल चोळणें ही जुनी रीत सोडून द्यावी. कातडी भाजते, आणि कुत्रा तें चाटतो. काढलेली गोचीड नखानें चिरडूं नये, कारण हीच गोचीड मनुष्याला अंगावर पुरळ उठणारा एक ताप देऊं शकते. ती साबणाच्या पाण्यांत किंवा स्पिरिटांत टाकावी. गोचीड लागूं नये म्हणून हल्लीं तोंडानें द्यावयाच्या गोळ्या निघाल्या आहेत. एकीचा परिणाम महिनाभर, दुसरीचा सुमारें तीन महिने टिकतो. ज्या कुत्र्याला फेंफरें येतें त्याच्या मालकानें तें पशुवैद्याला आधीं सांगावें.

२८ दिवस संपल्यावर बिंबिकांची संख्या पुन्हां मोजून घ्यावी. झटपट होणारी दुसरी एक चांचणी रक्तांतील प्रतिद्रव्य दाखविते. ती कुत्रा बरा झाल्यावरही कित्येक महिने होकारार्थी येते, त्यामुळें तेवढ्यावरून घाबरून पुन्हां औषध सुरू करूं नये. मात्र एकदां होऊन गेल्यानें हा रोग पुन्हां होत नाहीं, अशी खात्री नाहीं. नवी गोचीड चावली तर तो पुन्हां होतो. म्हणून कुत्रा घरांत विश्रांति घेत असतो त्याच महिन्यांत त्याचें अंथरूण उकळत्या पाण्यांत काढावें, निजण्याच्या जागेजवळच्या भिंतींच्या भेगा व चौकटींचे सांधे सिमेंटानें किंवा चुन्यानें बुजवावे, आणि पंधरा दिवसांनीं कंदील किंवा विजेची बत्ती घेऊन तीच जागा पुन्हां वरपासून खालपर्यंत पाहावी. पहिल्या वेळीं राहिलेलीं अंडीं तोंपर्यंत फुटूं लागलेलीं असतात.