पोलादास पाणी व ताव

ऐन नांगरटीत फाळ मोडला म्हणजे शेतकरी लोहारास बोल लावितो व लोहार लोखंडास. आमच्या मते बोल लावण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या: पोलादात काय मिसळले आहे, आणि त्यास पाणी व ताव कसे दिले आहेत.

कठीणपणा व चिवटपणा हे निरनिराळे गुण होत. झीज सोसतो तो कठीणपणा. दगडाचा दणका न तुटता सोसतो तो चिवटपणा. पोलादाच्या खात्यात एक जमा झाला की दुसरा बहुधा खर्ची पडतो.

पोलाद म्हणजे लोखंड व थोडा कर्ब. कर्ब शेकडा ०.२ च्या आत असल्यास पाणी देऊनही धार फारशी कठीण होत नाही. असा फाळ वाकतो. शेकडा ०.५ ते ०.६ असल्यास पाणी चांगले बसते; लारीच्या कमानीचे जुने पाटे लोहार पसंत करितात ते यामुळेच. शेकडा दोनांवर कर्ब गेला की ते बीड होय, व ते दणक्याने फुटते. स्फुरद अधिक असल्यास पोलाद थंडीत ठिसूळ होते. गंधक अधिक असल्यास तापलेले असता घणाखाली तडकते. म्हणून मँगनीज घालून गंधकास बांधून ठेवितात.

सुमारे ८०० अंश सेंटिग्रेडपर्यंत लाल तापविलेले पोलाद पाण्यात बुडविले की ते अतिशय कठीण, पण काचेसारखे ठिसूळ होते. अशी छिन्नी हातोड्याखाली उडून डोळा जाण्याचे भय असते. यास्तव धार घासून उजळ करावी व पुन्हा मंद ताव द्यावा. सुमारे २३० अंशांस तीवर फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, व ३०० अंशांच्या सुमारास निळा. विळ्यास पिवळा पुरे. दणका खाणाऱ्या कुऱ्हाडीस जांभळा हवा. यात कठीणपणा थोडा जातो, चिवटपणा पुष्कळ येतो.

पहिला ताव पांढरा होऊ देऊ नये. मोडीवर खडीसाखरेसारखे मोठे दाणे चमकल्यास ताव अधिक झाला असे समजावे. बारीक, राखी मोड हे सुलक्षण होय.

ट्रॅक्टरच्या नांगराचे बोरॉनयुक्त पोलादाचे फाळ कारखान्यातच पाणी व ताव देऊन येतात. ते भट्टीत घालून शेवटले व तसेच निवू दिले, तर विकत घेतलेला गुण भट्टीतच राहतो. तेव्हा असा फाळ शेवटावयास देण्यापूर्वी, त्यास पुन्हा पाणी व मंद ताव देता येईल काय, हे लोहारास अवश्य विचारावे. नाही म्हटल्यास झिजेपर्यंत वापरून नवा घेणे बरे.